स्वार्थ, आत्मत्याग आणि आनंद: आमच्या मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, बायबलचा शास्त्राभ्यास दर गुरुवारी संध्याकाळी असतो. अभ्यासाला वचन कुठलंही असो, चहा आला की प्रश्न मात्र ठरलेले येतात. किती द्यायचं, किती राखायचं, स्वतःची हौस केली तर देवाला चालतं का, घरच्यांना ‘नाही’ म्हणता येतं का. विचारणाऱ्यांत शेतकरी आहेत, वाळूजला कंपनीत जाणारी मुलं आहेत, नर्सबाई आहेत. सगळ्यांत जास्त आहेत त्या घरातल्या बाया. सगळे उठून गेले की चपला घालता घालता त्या हळूच विचारतात. मी शाळेत मराठी शिकवली, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण हे प्रश्न मी जगले आहे, म्हणून जमेल तेवढं नीट लिहून काढलं.

येशू म्हणतो, आत्मत्याग करा. म्हणजे स्वतःचा तिटकारा करायचा का?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे मूळ धरून बसला आहे, आणि त्याला थोडं कारण भाषेचंही आहे. जो माझ्यामागे येऊ पाहतो त्याने आत्मत्याग करावा, दररोज आपला वधस्तंभ उचलावा आणि मला अनुसरावं, असं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. ‘आत्मत्याग’ हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे संन्यास येतो, अर्धपोटी राहणं येतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे: नाकारणं, ओळख न दाखवणं. मत्तयाच्या १६व्या अध्यायात येशू शिष्यांना स्वतःला नाकारायला सांगतो, आणि २६व्या अध्यायात पेत्र या शिष्याला म्हणतो, ‘तू मला तीन वेळा नाकारशील.’ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. मराठीत एकीकडे त्याग झाला, दुसरीकडे नाकारणं राहिलं, म्हणून वाचताना हा धागा हातातून सुटतो.

येशूला धरून नेलं त्या रात्री अंगणात पेत्र काय म्हणाला? मी त्या माणसाला ओळखत नाही. त्याने येशूवर हात उचलला नाही. त्याचा माझा काही संबंध नाही, एवढं सांगून तो मोकळा झाला. येशू म्हणतो, हेच तू तुझ्या ‘मी’ला सांग. ‘आधी मला’, ‘माझंच खरं’ म्हणत आत जो मालक होऊन बसला आहे त्याला म्हण, मी तुला ओळखत नाही, या घराचा धनी दुसरा आहे. धनी बदलायचा आहे. घर पाडायला कुणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडे ‘मन मारणं’ म्हणतात. साडी आवडली, मन मारलं. पुढे शिकायचं होतं, मन मारलं. पण मन मारल्याने तो ‘मी’ मरत नाही, उपाशी राहतो, आणि उपाशी ‘मी’ फार चावतो. आयुष्यभर मन मारलेल्या सासूच्या हाताखाली सुनेला काय सोसावं लागतं, हे मी जवळून बघितलं आहे. म्हणून मन मारणं आणि आत्मत्याग यांना एका पंगतीत बसवू नका.

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ याचा अर्थ आधी स्वतःवर प्रेम करायला शिकायचं, असं हल्ली ऐकू येतं. बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. येशूने सांगितलेल्या मोठ्या आज्ञा दोन: देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती. दुसरी त्याने जुन्या करारातल्या लेवीय १९:१८ मधून उचलली. तिसरी आज्ञा तिथे नाही. माणूस स्वतःची काळजी घेतोच, हे धरून चाललेलं आहे. येशूचा प्रेषित पौलही इफिसकरांना लिहितो की स्वतःच्या देहाचा द्वेष कुणी करत नाही, माणूस त्याचं पालनपोषण करतो. पायात काटा रुतला की आपण तिथल्या तिथे खाली बसून काढतो. तीच घाई शेजाऱ्याच्या काट्यासाठी करा, एवढंच म्हणणं आहे.

पण काही माणसं काटा रुतला तरी चालत राहतात. लहानपणापासून त्यांना इतकं हिणवलेलं असतं, जातीवरून, रंगावरून, मुलगी म्हणून, की आपलं दुखणं हे दुखणं आहे हेच त्यांना पटत नाही. मराठवाड्यातल्या आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या मागे गावकुसाबाहेरचे दिवस आहेत. अशा माणसाला ‘स्वतःला शून्य समज’ म्हणणं म्हणजे गावाने पिढ्यान् पिढ्या जे सांगितलं तेच आता देवाच्या नावाने सांगणं. त्याच्यापुढे आधी उत्पत्ती १:२७ उघडा. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचं केलं, हे त्याने मोठ्याने वाचावं. नाकारायला ‘मी’ आधी जागेवर असावा लागतो.

बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या बर्नार्ड या मठवासीयाने प्रेमाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली, माणूस स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो. दुसरी, स्वतःच्या लाभासाठी देवावर. तिसरी, देव देव आहे म्हणून देवावर. चौथ्या पायरीवर स्वतःला विसरणं असेल असं मला वाटलं होतं. तिथे आहे: देवासाठी स्वतःवर प्रेम. म्हणजे बर्नार्ड माणसाला शेवटी स्वतःकडे परत आणतो, पण देवाचा हात धरून. मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

मग स्वार्थ नक्की कशाला म्हणायचं? सोयाबीन भाव येईपर्यंत घरात ठेवलं तर तो स्वार्थ का?

सोयाबीन ठेवा. योसेफाने मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांचं धान्य साठवलं आणि दुष्काळात त्यावर माणसं जगली. साठवण्याला शास्त्राने पाप म्हटलेलं नाही.

लूकच्या बाराव्या अध्यायात ज्याच्या शेताला अमाप पीक आलं तो धनवान माणूस वाचा. लोक म्हणतात, त्याने कोठारं मोठी केली म्हणून देवाने त्याला मूर्ख म्हटलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. त्या दाखल्यात तो कुणाशी बोलतो बघा. स्वतःशी. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी ‘हे जिवा, खा, पी, आनंद कर’. एवढं पीक एकट्याने निघत नाही. पेरणी करणारे, खुरपणाऱ्या बाया, राखण करणारा गडी, कुणी ना कुणी होतंच. त्याच्या बोलण्यात मात्र एकही माणूस नाही. खाणं, पिणं, आनंद करणं हे शब्द शास्त्रात इतर ठिकाणी चांगल्या अर्थाने येतात. इथे ते वाईट झाले, कारण ताटाभोवती दुसरं कुणीच नव्हतं.

याच्या उलट लेवीयातला नियम आहे. शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नको, सरवा वेचू नको, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. रूथ ही परदेशी विधवा बवाज या जमीनदाराच्या शेतात आली ती सरवा वेचायला. सरवा हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ज्वारी काढल्यावर मागे राहिलेली कणसं वेचणाऱ्या बाया माझ्या लहानपणी प्रत्येक शिवारात दिसायच्या. बवाज काही गरीब झाला नाही. पीक त्याचंच होतं, कोठारही भरलं. त्याने फक्त धुऱ्यापर्यंत झाडून नेलं नाही. आपल्या पगारात, आपल्या वेळेत, आपल्या घरात सरवा उरतो का, एवढं ज्याने त्याने पाहावं.

मौजमजा पाप आहे का? हुरडा, लग्न, सहल, नवा कपडा?

या प्रश्नावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण आपल्या मंडळ्यांत आनंदाला चोरासारखं वागवतात.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १४वा अध्याय वाचा. दशमांशाबद्दल, म्हणजे देवासाठी काढायच्या दहाव्या हिश्शाबद्दल, तिथे जे लिहिलं आहे ते प्रवचनात फारसं ऐकू येत नाही. मंदिर लांब असेल तर दशमांशाचे पैसे करून घेऊन जा, आणि तिथे तुझ्या जिवाला जे आवडेल ते विकत घे, बैल, मेंढरं, द्राक्षारस, आणि तू आपल्या घराण्यासह परमेश्वरासमोर खाऊन आनंद कर. देवासाठी काढून ठेवलेल्या पैशातून जेवण! त्याच अध्यायात पुढे तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारा), उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आहे. एकच दशमांश, एकदा पंगतीला आणि एकदा पोरक्यांना. देवाला यात विसंगती दिसली नाही.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूने रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला. ते सहा दगडी रांजण होते. एकेकात साधारण ऐंशी ते एकशेवीस लिटर मावत असावं. हिशेब मांडला तर सगळे मिळून पाचशे लिटरच्या आसपास किंवा जास्तच होतं. येशूचं पहिलं चिन्ह कुणाचा जीव वाचवणारं नव्हतं. एका घराची लग्नात होणारी फजिती त्याने टाळली आणि पाहुण्यांचा आनंद पुढे चालू ठेवला. (या रांजणांचा दाखला देऊन रोज बाटली उघडणाऱ्यांनाही सांगते: ज्या गावात दारूने घरंच्या घरं बुडाली तिथे विश्वासणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा भाऊ बसला की शेजारचा व्यसनी माणूसही बसणार असेल, तर भावाने न बसण्यात प्रेम आहे.)

पौल तीमथ्याला लिहितो की देव आपल्याला उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो. हे वाक्य श्रीमंतांना उद्देशून आहे. धनावर आशा ठेवू नका, उदार व्हा, ही ताकीदही त्याच ठिकाणी आहे. उपभोग आणि उदारपणा शेजारी शेजारी उभे आहेत. कलस्सैकरांना तर तो रागावून विचारतो, ‘शिवू नको, चाखू नको, हात लावू नको’ असल्या नियमांखाली तुम्ही का जाता? या नियमांना शहाणपणाचा मुलामा असतो, पण देहवासना आवरायला त्यांचा काही उपयोग होत नाही, असं तो लिहितो.

जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी वसवली. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनचे. त्या परंपरेत मुलांना शिकवली जाणारी प्रश्नोत्तरी १६४७ सालची आहे, आणि तिचा पहिलाच प्रश्न असा: माणसाचा मुख्य हेतू काय? उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद करणं. कडक शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी पहिल्याच उत्तरात आनंद हा शब्द घातला. मग आपण तो का लपवावा?

तेव्हा हुरड्याला जा. नाताळच्या सुमारास शेतावर आगटी पेटते, गरम कणसं हातावर चोळली जातात, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुढे येतो, आणि तोंड भाजत असतानाही हात थांबत नाही. देवाने ज्वारीला दुधाळ दाण्याचे ते चार दिवस उगीच दिलेले नाहीत. लग्नात चांगलं जेवणही द्या. मात्र सावकाराकडून पैसे उचलून मांडव घालणं आणि हुंडा मोजणं या दोन गोष्टींना मी आनंद म्हणणार नाही. एक लोकांच्या तोंडाची भीती आहे आणि दुसरी सरळ लूट आहे.

शेजाऱ्याच्या घरी चूल पेटत नसताना आपण नाताळ करायचा का?

दुष्काळाच्या वर्षी हा प्रश्न दर घरी येतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. त्याच्या आधीच्या नाताळात आमच्याकडेही दोन मतं पडली. काही म्हणाले, यंदा सणच नको. मी त्या बाजूची होते.

तेव्हा एका म्हाताऱ्या आक्कांनी नहेम्याचा आठवा अध्याय काढून दाखवला. लोक नियमशास्त्र ऐकून रडत होते. त्यांना सांगण्यात आलं, रडू नका. जा, मिष्टान्न खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. आक्का म्हणाल्या, ‘सण बंद केला तर वाटे कशातून पाठवायचे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या वर्षी रोषणाई केली नाही, नवे कपडे बहुतेकांनी घेतले नाहीत. फराळ मात्र केला, आणि नेहमीपेक्षा जास्त डबे भरले. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर वस्त्यांवरची जवान माणसं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. नाताळला घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. ते कुठल्याही धर्माचे असोत, डबे तिकडे गेले. तेव्हापासून आमच्याकडे डबे पाठवूनच पान वाढतात. वाढून झाल्यावर उरलंसुरलं पाठवणं वेगळं आणि आधी वाटा काढणं वेगळं, हे मी त्या आक्कांकडून शिकले.

मी घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवते. उरेल ते खाते. हाच माझा वधस्तंभ, असं समजू का?

ताई, हा प्रश्न मला इतक्या बायांनी विचारला आहे की उत्तर लिहिताना त्यांचे चेहरे समोर येतात.

माझी आजी अशीच जेवायची. चुलीपुढे बसून, तव्यावरची शेवटची भाकरी, तीही अर्धी, वर पातेल्याचं खरवडलेलं. आम्ही सगळे म्हणायचो, आजी किती त्यागी. तिच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितलं की अंगात रक्तच नाही. त्यानंतर मला तो शब्द सहज उच्चारता येत नाही. तिने त्याग केला होता की आम्ही तिच्याकडून करवून घेतला होता? एवढ्या वर्षांत घरातल्या एकानेही ‘आज तू आधी बस’ म्हटलं नाही. मीही नाही.

योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. माझ्या समजुतीप्रमाणे वधस्तंभाची खूण हीच आहे. देणाऱ्याला नाही म्हणता येत होतं, तरी त्याने दिलं. जिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथे देणं होत नाही, तिथे घेणं चाललेलं असतं. लेकरू आजारी असताना रात्रभर जागलात, तो आत्मत्याग. दारी आलेल्या उपाशी माणसाला आपली भाकर दिलीत, तोही. पण वीस वर्षं रोज उपाशी निजणं ही घरातली चुकीची रीत आहे, आणि ती मोडण्यात प्रभूचा अपमान होत नाही.

उद्यापासून सगळ्यांनी मिळून बसा. भाकरी आधी करून टोपल्यात ठेवा. थोड्या गार होतील, चालेल. घरातल्या पुरुषांना माझा निरोप सांगा: बायको जेवली का हे विचारायला शास्त्राभ्यास लागत नाही.

नवरा मारतो. ‘सोस, हाच तुझा वधस्तंभ’ असं मला सांगण्यात आलं.

ज्यांनी सांगितलं त्यांनी चुकीचं सांगितलं. मार खाणं हा वधस्तंभ नाही. नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हाही निघून गेला. वेळ आली नव्हती तोवर त्याने स्वतःला वाचवलं. तुम्हीही आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, २००५चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्या बाजूने आहे. क्षमेचं बोलणं नंतर, आणि तेही तुम्ही म्हणाल तेव्हा.

घरात कमावता मी एकटाच. आईवडील, भाऊ, चुलते, मंडळी, सगळे मागतात. ‘नाही’ म्हणालो की स्वार्थी ठरतो.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन वाक्यं जवळजवळ आहेत. एकमेकांची ओझी वाहा, आणि पुढे तीनच ओळींवर, प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे. वरवर भांडण वाटतं. पण ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत: पहिला अंगावर कोसळलेल्या जड ओझ्याचा, दुसरा माणूस प्रवासाला स्वतः पाठीवर घेतो त्या बोजाचा. वडिलांचं ऑपरेशन हे ओझं. धाकट्या भावाचा मोबाइलचा हप्ता हा त्याचा बोजा. मागणी आली की आधी विचारा, हे कुठलं.

आईवडिलांना टाळून देवाला देणं मात्र येशूला मुळीच पटलं नाही. ‘हे कुर्बान आहे’, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून जे आईबापांना मदत करत नव्हते त्यांना त्याने मार्कच्या सातव्या अध्यायात फटकारलं. पौल म्हणतो, जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. इथेही शब्द तरतूद आहे. हौस पुरवणं त्यात येत नाही.

आणि कफर्णहूमात सगळं गाव येशूला शोधत होतं, तेव्हा तो पहाटे उठून एकांतात प्रार्थना करत होता. शिष्य म्हणाले, सगळे तुमचा शोध करताहेत. तो म्हणाला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. तिथे रोगी उरले असणारच. त्याने ‘नाही’ म्हटलं, आणि आपण त्याला स्वार्थी म्हणत नाही.

कर्ज काढून दशमांश द्यावा का?

नाही. २ करिंथ ८:१२ सांगतं, माणसाजवळ जे आहे त्यावरून दान मान्य होतं, जे नाही त्यावरून नाही. पुढच्याच ओवीत पौल म्हणतो, दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओझं व्हावं असा हेतू नाही. मंदिराच्या दानपेटीत आपल्या शेवटच्या दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचं उदाहरण देणाऱ्यांनी तिच्या लगेच आधीचं वचनही वाचावं. तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्यांबद्दल बोलतो.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, मटण सोडलं की झालं का?

मटण सोडणं चांगलंच आहे. पण यशया ५८ मध्ये देव उपासकऱ्यांना म्हणतो, उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवता. त्याला हवा तो उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं, भुकेल्याला भाकर वाटणं. खुरपणीची मजुरी थकवून चाळीस दिवस उपास करणाऱ्याने हे वाचून आधी मजुरी चुकती करावी.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लेंट सुरू होतो त्या राख-बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस शेहेचाळीस भरतात. चाळीस होतात ते मधले सहा रविवार वगळून. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास धरत नाहीत. दुःखसहनाच्या काळातही मंडळीने आनंदाचे सहा दिवस राखून ठेवले. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि मधुमेह असलेल्यांनी अन्नाचा उपास धरू नये. दुसरं काही सोडावं.

सेवेत थकून गेले आहे. विश्रांती मागितली तर ती स्वार्थी ठरेल?

एलिया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली ‘आता माझा प्राण घे’ म्हणाला. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. येशूनेही शिष्यांना ‘एकांती चला आणि थोडा विसावा घ्या’ म्हटलं, कारण येणाजाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा बैल आणि गाढव यांनाही लागू आहे. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात, आणि पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाचा खांदा ज्याला कळतो त्याला नर्सबाईची पाठ कळायला हवी, पाळकसाहेबांची झोपही. सुट्टी घ्या. मंडळीच्या कमिटीवर असाल तर न मागता द्या.

मी आयुष्यभर सगळ्यांसाठी झिजलो. मला काय मिळालं? असं मनात येतं आणि लाज वाटते.

लाज वाटून घेऊ नका, पण हा आवाज ओळखा. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या थोरल्या भावाचा तो आवाज आहे. सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बापाने मेजवानी केली तेव्हा थोरला म्हणाला: इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतो, आणि मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही मला एक करडूही दिलं नाही. धाकट्याने हौसेपायी घर सोडलं, थोरला हौस मारून घरातच परका झाला. बाप काय म्हणतो? ‘बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, आणि जे माझं ते सगळं तुझंच आहे.’ म्हणजे करडू गोठ्यात होतं. त्याने कधी मागितलंच नाही, मित्रांना कधी बोलावलं नाही, आणि हिशेब मात्र मनात ठेवला.

तुम्हाला काय हवं होतं ते कागदावर लिहा. काही गोष्टी आता मिळणार नाहीत, त्यांचं दुःख देवापुढे मोकळं करा. काही अजूनही मिळू शकतात. एका काकांनी असाच कागद लिहिला, त्यात होतं, ‘समुद्र बघायचा राहिला.’ त्यांची मुलं त्यांना हिवाळ्यात कोकणात घेऊन गेली. परत आल्यावर भक्तीत साक्ष द्यायला उभे राहिले आणि नुसत्या लाटांबद्दल बोलत राहिले.

पैठण इथून जवळच. तिथे एकनाथमहाराजांनी प्रपंचात राहून परमार्थ केला. आपलं म्हणणं त्याहून वेगळं आहे का?

तहानेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजल्याची त्यांची कथा आपण सगळे ऐकतच मोठे झालो. मला ती आवडते, आणि वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या दाखल्याशेजारी ठेवून मी ती शिकवलीही आहे. प्रपंच न सोडता देवाचं होणं ही गोष्ट या मातीला नवी नाही. वेगळेपण एवढंच की आपण देण्याची सुरुवात स्वतःपासून धरत नाही. ख्रिस्ताने आधी दिलं, आपलं देणं त्याला दिलेलं उत्तर आहे. म्हणून त्यात पुण्याचा हिशेब राहत नाही.

चारचाकी घ्यायची आहे. घेऊ का?

हप्ता पगारात बसतो का, आईच्या औषधांना हात लावावा लागणार नाही ना, दानाचा वाटा तसाच राहतो का, हे आधी बघा. बायकोला विचारा, आणि ती खरंच मोकळेपणी बोलू शकते का तेही बघा. दोन रात्री प्रार्थना करा. नुसतं शेजाऱ्याने घेतली म्हणून घ्यायची असेल तर थोडं थांबा.

एवढं करून घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या, आणि पाप केल्यासारखी झाकून ठेवू नका. पेढे वाटा. रविवारी भक्तीला येताना स्टँडजवळच्या त्या दोन आज्या रिक्षाची वाट बघत उभ्या असतात. त्यांना पुढच्या सीटवर बसायला फार आवडतं, तेव्हा एकीला येताना पुढे बसवा आणि दुसरीला जाताना.